काडीपेटी मेकॅनो

काडीपेटी मेकॅनो : आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भौमितिक आकृत्या व सांगाडे उभारण्याचा शालेय उपक्रम. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या, भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या व नट-बोल्टांच्या ‘मेकॅनो’ या खेळावरून हे नाव पडले. त्या महागड्या संचाचे काम येथे किराणा आणि सायकलच्या दुकानातला माल करतो.

उगम : मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. कानपूर आयआयटीतून विद्युत अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यातील टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये तेथे गेले. गावच्या आठवडी बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी ही जोडणी बसवली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

साहित्य व कृती : काड्यांचे गुल शिक्षकांनी आधीच खरवडून टाकावेत. ट्यूबचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा होतो. त्याच तुकड्याला मधोमध दाभणाने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात टोक काढलेली काडी घातली की तीन काड्यांचा सांधा तयार होतो.

आकृत्या : तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस बोटाच्या धक्क्याने कलून समभुज चौकोन होतो आणि पंचकोन दाबला की होडीसारखा होतो. चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत झाडूचा हीर काडीच्या सुमारे १.४ पट लांब कापून बांधला, की दोन त्रिकोण होऊन चौरस घट्ट बसतो. सहा काड्या व चार सांध्यांचा चतुष्फलक भक्कम उभा राहतो. बारा काड्यांचा घन मात्र डुलतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बांधला की डुलणे थांबते. पत्र्याच्या छपराखालची कैची आणि विजेचा मनोरा याच तत्त्वावर उभे असतात.

शैक्षणिक महत्त्व : चतुष्फलकाचे शिरोबिंदू ४, कडा ६, पृष्ठे ४, घनाचे ८, १२, ६. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की दोन्हीकडे उत्तर २ येते. हे ऑयलरचे सूत्र मूल काड्या मोजत स्वतः शोधू शकते. म्हणून शिक्षकाने तयार नमुना दाखवण्याची घाई करू नये. डुलणारा घन मुलांपुढे ठेवावा, काडी कुठे लावायची ते त्यांनाच ठरवू द्यावे आणि चुकीच्या जागी लावलेली काडी त्यांनाच काढू द्यावी. अभियांत्रिकीचे शिक्षण तेथूनच सुरू होते.