हाकेचा झाला ‘हॅलो’

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीत ‘हॅलो’ हा काही नमस्कार नव्हता. लांबच्या माणसाचं लक्ष वेधायला नाहीतर आश्चर्य वाटलं, की तो तोंडून निघे. भेटीगाठीत वेळेनुसार ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड इव्हनिंग’ चाले.

टेलिफोननं हे चित्र पालटलं. सुरुवातीच्या यंत्रांना घंटीच नव्हती. दोन ठिकाणांमधली तार कायम जोडलेली. मग पलीकडच्याला बोलवायचं कसं? ग्रॅहम बेल यांची पसंती ‘अहॉय’ला, म्हणजे खलाशांच्या हाकेला. थॉमस एडिसन यांनी मात्र १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या तार कंपनीचे प्रमुख टी. बी. ए. डेव्हिड यांना पत्रातून कळवलं, की घंटीची गरजच पडणार नाही. ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतं.

पुढच्याच वर्षी न्यू हेवनमध्ये व्यापारी तत्त्वावरचं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. एक्स्चेंजवर आधी तरुण पोरं कामाला असत. त्यांचा दंगा आणि उर्मट बोलणं गिऱ्हाइकांना नकोसं झालं. मग त्यांच्या जागी बायका आल्या. सप्टेंबर १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट पहिल्या महिला ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या, आणि पुढे या कामातल्या बायकांना ‘हॅलो गर्ल्स’ हेच नाव पडलं.

१८८२ मध्ये मुंबईत एक्स्चेंज आलं. मराठी घरांत फोन पोचला तो ‘हॅलो’ला सोबत घेऊनच, ‘हॅलो, कोण बोलतंय?’ ही पुढे सवयच झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचं आवाहन केलं. सक्ती मात्र केली नाही.