छताखालची चार बाय चारशे

रिलेची कुळकथा सांगताना बहुतेक जण ग्रीकांच्या मशाल-दौडीपासून सुरुवात करतात. अथेन्समध्ये जळती मशाल हातोहात पुढे नेण्याच्या शर्यती होत, हे खरेच आहे. पण जागतिक इनडोअर स्पर्धेत पुरुषांचे संघ दोनशे मीटरच्या छोट्याशा ट्रॅकवर एकमेकांना खेटून धावतात, त्या शर्यतीचे मूळ घर अथेन्स नव्हे. ते आहे अमेरिकेतले फिलाडेल्फिया, आणि साल १८९३.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या क्रीडा समितीला त्या वर्षीच्या वसंत ऋतूतल्या मैदानी स्पर्धेत काहीतरी नवे हवे होते. चौघांनी एकामागून एक पाव-पाव मैल धावायचे, म्हणजे चौघांचा मिळून एक मैल, अशी कल्पना निघाली. पहिल्या लढतीत पाहुण्या प्रिन्स्टनने बाजी मारली, पुढच्या वर्षी यजमानांनी परतफेड केली. लोकांना हा प्रकार इतका आवडला की समितीचे प्रमुख फ्रँक एलिस यांनी १८९५ च्या एप्रिलमध्ये रिलेचा आख्खा मेळाच भरवला. खेळाडूंना कपडे बदलायला खोल्या नव्हत्या, म्हणून तंबू ठोकले गेले आणि मैदानाला जत्रेचे रूप आले. ‘पेन रिलेज’ या नावाने तो मेळा आजही भरतो. ही शर्यत जन्मली तीच प्रेक्षकांना खिळवून ठेवण्यासाठी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पाव मैल म्हणजे ४४० यार्ड, सुमारे ४०२ मीटर. दशमान मापात तेच चारशे झाले. बॅटन मात्र सुरुवातीला नव्हतेच. येणाऱ्याने पुढच्याच्या हाताला हात लावायचा, की तो सुटला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही असेच धावले. तिथली रिले २००, २००, ४०० आणि ८०० मीटर अशा असमान टप्प्यांची होती. विजयी अमेरिकन संघात चारशेचा टप्पा धावला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचाच जॉन टेलर. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. समान टप्प्यांची पुरुषांची चार बाय चारशे ऑलिंपिकमध्ये आली ती १९१२ मध्ये, स्टॉकहोमला.

छताचे कूळ वेगळे. न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबने १८६८ च्या नोव्हेंबरात आपली पहिली स्पर्धा घेतली, ती स्केटिंगसाठी बांधल्या जात असलेल्या इमारतीत. पुढे १९०८ मध्ये वॉनामेकर या बड्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडामंडळाने मिलरोज गेम्स सुरू केले आणि १९१४ पासून ते मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रंगू लागले. तिथला ट्रॅक लाकडी फळ्यांचा. अकरा फेऱ्या मारल्या की मैल भरे, इतकी वळणे आवळलेली. बाहेर कडाक्याची थंडी, आत खचाखच गर्दी, आणि धावपटू हाताच्या अंतरावर!

जागतिक पातळीवर इनडोअर रिलेला मान मिळायला बराच वेळ लागला. १९८७ च्या इंडियानापोलिसमधल्या पहिल्या जागतिक इनडोअर स्पर्धेत रिले नव्हती, १९८९ मध्ये बुडापेस्टलाही नव्हती. ती आली १९९१ मध्ये, सेव्हिलला. पुरुषांची पहिली शर्यत जिंकली नुकत्याच एक झालेल्या जर्मनीने, ३ मिनिटे ३.०५ सेकंदांत. त्या संघातला थोमास श्योनलेबे चार वर्षांपूर्वी पूर्व जर्मनीकडून चारशे मीटरचा जगज्जेता झाला होता.

इनडोअर रिले म्हणजे मैदानी रिलेची हिवाळी तालीम, असे मानणारे बरेच आहेत. मला ते मुळीच पटत नाही. मैदानी ट्रॅकवरची लेन १.२२ मीटर रुंद असते. छताखाली ती मीटरच्या आसपासच. प्रत्येकाला एकाऐवजी दोन फेऱ्या आणि चार वळणे. पहिली दोन वळणे झाली की लेन सुटते आणि सगळे आतल्या कडेसाठी झुंजतात. म्हणजे पहिल्या बॅटनबदलाआधीच धक्काबुक्कीची वेळ येते. लेन अरुंद असल्याने टक्कर होण्याचा धोका जास्त, म्हणून शक्य असेल तेव्हा दोन संघांमध्ये एक लेन मोकळी ठेवा, अशी शिफारस नियमावलीतच आहे.

त्या अरुंदपणाची किंमत २०१८ मध्ये बर्मिंगहॅमला दिसली. वैयक्तिक चारशेच्या एका प्राथमिक फेरीत पाचच्या पाच धावपटू बाद ठरले. अंतिम फेरीत पहिला आलेला स्पेनचा ओस्कार उसियोस लेनच्या रेषेवर पाय पडल्यामुळे सुवर्ण गमावून बसला. आणि त्याच स्पर्धेत पुरुषांच्या रिलेची अंतिम लढत झाली. अमेरिकेचा व्हर्नन नॉरवूड शेवटच्या टप्प्यात पुढे होता. पोलंडचा याकुब क्शेविना त्याच्या पाठीला चिकटून राहिला आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात बाहेरून त्याला मागे टाकून गेला. पोलंड ३:०१.७७, अमेरिका ३:०१.९७. विश्वविक्रम! आदल्या विक्रमापेक्षा दोन्ही संघ वेगवान ठरले. माझ्या मते पुरुषांच्या इनडोअर रिलेत याहून सुंदर शेवट झालेला नाही.

सहाच दिवसांनी टेक्ससमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोरांनी ३:००.७७ ची वेळ दिली. तिला विश्वविक्रमाची मान्यता मिळाली नाही, कारण विक्रमासाठी चौघेही एकाच देशाकडून खेळण्यास पात्र हवेत आणि त्यांच्यातला राय बेंजामिन तेव्हा अँटिग्वाचा होता. नियम योग्यच आहे. पण ज्या शर्यतीचा जन्मच विद्यापीठांच्या चुरशीतून झाला, तिथे ही वेळ विसरणे मला जमत नाही. जागतिक स्पर्धेतली चुरसही कमी झालेली नाही: २०२४ मध्ये ग्लासगोला पुरुषांच्या रिलेत बेल्जियमने अमेरिकेला अवघ्या सहा शतांश सेकंदांनी हरवले.

आपल्या पुरुष संघाने २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक मैदानी स्पर्धेत २:५९.०५ असा आशियाई विक्रम केला, तेव्हा घरोघरी चार बाय चारशेची चर्चा झाली. ती पाहून आवड लागली असेल, तर पुढची जागतिक इनडोअर स्पर्धा चुकवू नका. आणि पाहताना नजर फक्त धावणाऱ्यांवर ठेवू नका. बॅटनची वाट पाहणारे कसे उभे राहतात, तेही बघा: शेवटच्या वळणात आपला संघ ज्या क्रमाने शिरतो त्याच क्रमाने त्यांना आतून बाहेर उभे राहावे लागते, आणि एकदा उभे राहिले की जागा बदलता येत नाही.