मांजराचा दूधभात : एका समजुतीचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड हा झाडीपट्टीचा तालुका मुख्यतः धानाचा. घोडाझरीसारखा मोठा तलाव, मालगुजारीच्या काळापासूनचे गांवतलाव व बोड्या, त्यांवर पोसलेलीं भाताचीं बांध्यांचीं शेतें, आणि सुगीनंतर घरोघर भरणाऱ्या कणग्या. जेथें धान तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें मांजर, हा क्रम मात्र या भागापुरता नाहीं. तो शेतीइतकाच जुना आहे. पश्चिम आशियांतील रानमांजर धान्याच्या कोठारांपाशीं आलें तें उंदरांच्या मागें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा सांपडला, व तो शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

घरांत आलेल्या या पाहुण्यापुढें माणसानें आपल्याच पानांतलें अन्न ठेविलें. मराठी घरांत तें अन्न म्हणजे दूधभात. मांजर आणि दूध यांची जोडी भाषेंतही दृढ झाली : शिंकें तुटलें कीं बोक्याचें फावतें, आणि डोळे मिटून दूध पिणें ही मांजराचीच रीत ठरली. मात्र जुन्या कथाकारांस त्याची खरी भूक ठाऊक होती. हितोपदेशांतील दीर्घकर्ण बोका, आपण मांस वर्ज्य करून चांद्रायण व्रत आचरितों असें सांगून जरद्गव गिधाडाचा विश्वास संपादन करतो, आणि त्याच झाडावरील पक्ष्यांचीं पिलें फस्त करतो. निरामिष मांजर हें ढोंगच, हें ऐकणाऱ्यास ठाऊक असल्याशिवाय ही कथा रंगत नाहीं.

मग दूधभातावर मांजरें पिढ्यान्‌पिढ्या जगलीं कशीं? याचें उत्तर कणगीखालीं आहे. दूधभात हा मांजराचा वरखर्च होता. खरी मिळकत रात्रीची. उंदराच्या देहांत प्रथिनें, चरबी, हाडांतील चुना आणि पुष्कळसें पाणी असतें. पिष्टमय पदार्थ केवळ नांवाला. वाडगा जी उणीव ठेवी, ती शिकार भरून काढी. श्रेय मात्र वाडग्यास मिळालें.

ही गफलत अमेरिकेंतील प्रयोगशाळांत उघडकीस आली. दुधांतील केसीन या प्रथिनावर पोसलेल्या मांजरांच्या नेत्रपटलाचा ऱ्हास झाला, व त्याचा संबंध टॉरिन नामक द्रव्याच्या अभावाशीं असल्याचें १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. १९८७ सालीं याच अभावामुळें मांजराच्या हृदयाचे स्नायूही दुर्बल होतात असें दिसलें. टॉरिन मांसांत व मासळींत असतें, भातांत नसतें; मांजराच्या शरीरांत तें पुरेसें तयार होत नाहीं. कुत्र्याचें खाद्य मांजरास पुरत नाहीं, तें याच कारणानें. २००५ सालीं तर गोडी ओळखण्यास लागणारें एक जनुक मांजरांत निकामी असल्याचें आढळलें. तेव्हां त्याच्या दुधांत साखर घालणें हे लाड माणसाच्या जिभेचे होत. शिवाय अनेक प्रौढ मांजरांस दुधांतील शर्करा पचत नाहीं व जुलाब होतात.

शहरांतील बंद सदनिकेंत ना कणगी आहे, ना उंदीर. मांजराची रात्रीची मिळकत थांबली आणि सर्व भार वाडग्यावर आला. मांजरांसाठीं बनविलेलें, ‘परिपूर्ण आहार’ असा निर्देश असलेलें व वयास अनुरूप खाद्य निवडणें हा त्यांतला सोपा मार्ग. घरीं शिजवावयाचें तर कोंबडीचें मांस वा कांटे काढलेली मासळी मीठमसाल्याविना उकडावी. कांदा व लसूण मांजराच्या रक्तपेशींचा नाश करतात, म्हणून फोडणीचा रस्सा देऊं नये. उकडलेलें पाणी टाकूं नये, कारण टॉरिन त्यांत उतरतें. रोहू-कटल्याच्या कुळांतील मासळी कच्ची दिल्यास ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतें. शिजविल्यानें तो दोष जातो. नुसत्या मांसांत चुना अपुरा पडतो, यास्तव घरचा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरवावा. मांजर मूळचें रुक्ष प्रदेशांतील, पाणी शिकारींतून मिळविणारें. कोरडें खाद्य देणाऱ्यानें ताजें पाणी सदैव जवळ ठेवावें.

ज्या घरीं मांस शिजत नाहीं, तेथेंही तयार खाद्याचा डबा ठेवतां येतो. दीर्घकर्णाचें व्रत खोटें होतें, म्हणून त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. तेंच व्रत घरच्या मुक्या मांजरावर खरोखर लादलें, तर त्याचे डोळे आणि हृदय यांवर तें बेततें. व्रत घराचें असावें. मांजराच्या वाडग्यांत त्याचें अन्न असावें.