‘कोल्ड’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘कोल्ड’ हा शब्द जर्मन भाषेतील ‘काल्ट’चा सगोत्र. कमी तापमान हा त्याचा मूळ अर्थ. हवा, पाणी, अन्न आणि शरीर या साऱ्यांसाठी इंग्रजीला हा एकच शब्द पुरतो. मराठीत मात्र हवेत थंडी असते, पाणी गार असते, जेवण निवते आणि हातपाय गारठतात.

दुसरा अर्थ आजाराचा. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे थंडी वाजते आहे. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे सर्दी झाली आहे. दवाखान्यात हा भेद निर्णायक ठरू शकतो. थंडी वाजून ताप आल्याचे सांगताना ‘कोल्ड’ हा शब्द वापरल्यास डॉक्टर सर्दी समजण्याचा संभव असतो. तेथे ‘चिल्स’ हाच शब्द योग्य.

तिसरा अर्थ भावनेचा. ‘कोल्ड’ माणूस म्हणजे अलिप्त, कोरडा. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१६ च्या ‘द अँटिक्वरी’ या कादंबरीत आढळणारा ‘कोल्ड शोल्डर’ हा प्रयोग जाणीवपूर्वक केलेल्या उपेक्षेचा निदर्शक आहे, तर ‘कोल्ड फीट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणे. मराठीत गारव्याला अशी केवळ उणी छटा नाही. थंड प्रतिसाद निरुत्साह दाखवतो; पण डोके थंड ठेवणे हा गुण मानला जातो आणि जिवलगांच्या भेटीने डोळे निवतात.

चौथा अर्थ पूर्वसंबंधाच्या किंवा पूर्वतयारीच्या अभावाचा. अनोळखी व्यक्तीला विक्रीसाठी केलेला फोन म्हणजे ‘कोल्ड कॉल’. निवृत्तिवेतनासंबंधीच्या अशा फोनवर ब्रिटनने २०१९ मध्ये बंदी आणली. नोकरीसाठी अपरिचिताला पाठवलेल्या ‘कोल्ड ईमेल’मध्ये मात्र कोरडेपणा अभिप्रेत नसतो. व्यसन एका झटक्यात सोडणे म्हणजे ‘कोल्ड टर्की’. दीर्घकाळच्या अतिमद्यपानानंतर वैद्यकीय देखरेखीविना असे करणे जिवावर बेतू शकते.

राजकारणात ‘कोल्ड वॉर’ म्हणजे प्रत्यक्ष रणांगणाविना चाललेला संघर्ष. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४५ मध्ये अणुबॉम्बविषयीच्या निबंधात ही संज्ञा वापरली. मराठीने तिला ‘शीतयुद्ध’ हा नेमका प्रतिशब्द दिला.

या बहुतेक अर्थांना जोडणारा धागा अभावाचा आहे. त्यामुळे ‘कोल्ड’चे मराठी करताना केवळ ‘थंड’ लिहून भागत नाही. उणीव कशाची आहे, उबेची, आपुलकीची, धैर्याची की ओळखीची, हे आधी ठरवावे लागते.