जामखेड : मनाच्या दुखण्याला कोणाचा आधार?

नगर जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला वसलेले जामखेड आरोग्याच्या इतिहासात ओळखले जाते ते बालमृत्यू आणि कुपोषणाविरुद्धच्या लढ्यासाठी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मनाच्या आजारांशी असलेले त्याचे नाते मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रकल्पाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या. त्यांतील अनेक निरक्षर, कित्येक दलित. ज्यांना उंबऱ्याबाहेर थांबवले जाई, त्यांचाच सल्ला पुढे घरोघरी घेतला जाऊ लागला. कुष्ठरुग्णाला गावाबाहेर न काढता घरीच उपचार व्हावेत, हे लोकांना पटवण्यात त्यांचा वाटा मोठा. सोबतीने महिला मंडळेही उभी राहिली.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी या परिसरातील ३२ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांचे मन कशाने खचते? सर्वांत ठळकपणे पुढे आली ती घरातील मारझोड आणि तिची धास्ती. ज्या कुटुंबाने आजाऱ्याला सांभाळावे अशी अपेक्षा असते, तेच कित्येकींच्या दुखण्याचे मूळ होते! अशा ठिकाणी नुसती गोळी काय करणार? बळ मिळाले ते मंडळातील सोबतीतून, स्वतःच्या कमाईतून.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क दिला. तो नातेवाईकच असावा, अशी अट त्यात नाही.