ए-४००एम : सात देशांचे एक विमान

‘सी-१३० हर्क्युलिस’ व ‘ट्रान्सॉल’ या जुन्या लष्करी मालवाहू विमानांना पर्याय म्हणून युरोपने ‘ए-४००एम’ विकसित केले. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, ब्रिटन, तुर्कस्तान, बेल्जियम व लक्झेम्बर्ग यांच्या वतीने ‘ओकार’ या संयुक्त संस्थेने मे २००३ मध्ये एअरबसच्या लष्करी शाखेशी १८० विमानांचा करार केला. ३७ टनांपर्यंत भार वाहणारे हे विमान कच्च्या धावपट्टीवरही उतरते.

खरा पेच इंजिनाचा होता. कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीची निविदा स्वस्त असूनही सरकारांच्या आग्रहाखातर काम चार युरोपीय कंपन्यांच्या संघाकडे गेले. स्वदेशीचा हट्ट युरोपलाही सुटत नाही, तो असा! सुमारे ११ हजार अश्वशक्तीचे हे टर्बोप्रॉप इंजिन नव्यानेच घडवायचे होते; त्याच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरपायी प्रकल्प रखडला. पहिले उड्डाण सेव्हिलहून डिसेंबर २००९ मध्ये झाले, तोवर खर्च हाताबाहेर गेला होता. २०१० मध्ये भागीदार देशांनी आणखी साडेतीन अब्ज युरोंचा भार उचलण्याचे मान्य केले. २०१३ मध्ये पहिले विमान फ्रान्सला मिळाले.

९ मे २०१५ रोजी सेव्हिलजवळ चाचणी उड्डाणात एक विमान कोसळून चौघे ठार झाले. तीन इंजिनांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमधील आवश्यक माहिती जमिनीवरच पुसली गेली होती.