सुवाह्य चित्रीकरण-दिव्याची वाटचाल आणि घरगुती स्टुडिओसाठी दिव्याची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

मॅग्नेशियमच्या तारेपासून एलईडी पट्टिकेपर्यंत सुमारे दीडशे वर्षांत चित्रीकरणाचा दिवा हलका, थंड व स्वस्त होत गेला. मात्र सुवाह्यतेच्या प्रत्येक टप्प्यावर रंगाची सचोटी, प्रकाशाचा मृदुपणा किंवा सुरक्षितता यांपैकी कशाची तरी किंमत मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या देवाणघेवाणीचा मागोवा घेऊन, छोट्या घरगुती स्टुडिओसाठी दिवा निवडताना कोणते निकष इतिहाससिद्ध ठरतात याची मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : सुवाह्य दिवा, प्रकाशयोजना, रंगप्रत्यय निर्देशांक, एलईडी, घरगुती स्टुडिओ.

प्रस्तावना :

मार्च २०२० नंतर महाविद्यालयीन अध्यापकांना आपली तासिका घरूनच चित्रित करावी लागली. पाठीमागे उघडी खिडकी, डोक्यावर ट्यूबलाईट आणि समोर भ्रमणध्वनी अशा व्यवस्थेत अनेकांचे चेहरे काळवंडलेले दिसले, फळ्यावरील अक्षरे धूसर झाली. त्यानंतर दिव्यांची खरेदी झाली, पण ती बहुधा 'किती वॉट?' आणि 'किती बल्ब?' या दोन प्रश्नांवर झाली. कॅमेऱ्याविषयी जेवढी चिकित्सा केली जाते तेवढी दिव्याविषयी होत नाही. वस्तुतः कॅमेरा फक्त परावर्तित प्रकाश टिपतो. जे दिव्यात नाही ते त्याला दिसत नाही. अध्यापनाच्या चित्रफिती संगणकीय माध्यमांतून वर्षानुवर्षे वापरल्या जातात, हे लक्षात घेता हा प्रश्न हौसेपुरता मर्यादित राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सुवाह्य कृत्रिम प्रकाशाच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२. प्रत्येक टप्प्यावर काय साधले व काय गमावले याचे विश्लेषण करणे.
३. या इतिहासाच्या आधारे घरगुती स्टुडिओसाठी दिव्याच्या निवडीचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विषय विवेचन :

१) जळणारा प्रकाश

नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास पॅरिसमधील भुयारी अस्थिगृहांचे चित्रण केले, तेव्हा त्याला बुन्सेन विद्युत्घटांचा मोठा संच व आर्क दिवे सोबत न्यावे लागले. एकेका चित्रास अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ माणूस स्थिर राहू शकत नसल्याने कामगारांच्या जागी पुतळे उभे करण्यात आले. प्रकाश तेथवर नेता आला होता, पण जिवंत माणूस अद्याप त्याच्या कक्षेबाहेर होता.

१८५९ मध्ये बुन्सेन व रॉस्को यांनी जळत्या मॅग्नेशियमच्या प्रखर प्रकाशाकडे लक्ष वेधले. १८६० च्या दशकात मॅग्नेशियमची तार बाजारात आली आणि खिशात मावणारा प्रकाश प्रथमच उपलब्ध झाला. १८६४ मध्ये आल्फ्रेड ब्रदर्स यांनी इंग्लंडमधील डर्बीशायरच्या खाणीत, तर १८६५ मध्ये पियाझी स्मिथ यांनी गिझाच्या महान पिरॅमिडच्या आत या तारेच्या उजेडात छायाचित्रे घेतली. जर्मनीतील मीथे व गेडिके यांनी १८८७ मध्ये मॅग्नेशियम व पोटॅशियम क्लोरेट यांचे स्फोटक मिश्रण असलेली चमक-पूड तयार केली. तिच्या साहाय्याने जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या दाट वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांचे चित्रण केले. 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज' हा त्यांचा १८९० चा ग्रंथ सामाजिक सुधारणेच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. मात्र ही पूड धूर करीत असे व कधी आगही लावीत असे. रीस यांच्या स्वतःच्या हातून अशा आगी लागल्याची नोंद आहे. शिवाय झोपेतून दचकून उठलेल्या गरिबांच्या चेहऱ्यावर संमतीविना पडलेला तो प्रकाश होता, हेही विसरता येत नाही.

१९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेच्या फुग्यात बंद केलेला चमक-बल्ब आला आणि धूर व आग यांपासून सुटका झाली. १९३१ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विद्युत् चमकेचे तंत्र विकसित केले. परंतु हा सर्व क्षणिक प्रकाश होता. चलच्चित्रासाठी सलग जळणारा दिवा हवा होता.

२) स्टुडिओतील दिवा : पारा, आर्क आणि टंगस्टन

एडिसनच्या कंपनीने १८९३ मध्ये उभारलेल्या 'ब्लॅक मारिया' या चित्रीकरणगृहाचे छप्पर उघडता येई आणि सूर्याच्या दिशेनुसार संपूर्ण इमारत फिरवता येई. दिवा हलविणे शक्य नव्हते, म्हणून घरच हलविले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाऱ्याच्या बाष्पाचे कूपर ह्यूइट दिवे आले. त्यांच्या निळसर-हिरव्या प्रकाशात तांबडा भाग जवळजवळ नव्हता. परंतु त्या काळची फिल्म तांबड्या रंगास संवेदनशीलच नसल्याने हा दोष झाकला गेला. दिव्याची योग्यता तो टिपणाऱ्या साधनावर अवलंबून असते, हे येथे प्रथम स्पष्ट होते.

कार्बन आर्क दिवे अधिक प्रखर होते, पण त्यांच्या अतिनील किरणांमुळे नटांचे डोळे सुजत. 'क्लीग' या दिव्याच्या नावावरून या विकारास 'क्लीग आय' असे नाव पडले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली आणि पाठोपाठ बोलपट आला. आर्क दिव्यांची गुणगुण ध्वनिमुद्रणात येऊ लागली. टंगस्टनचा दिवा मात्र नि:शब्द होता व त्याच्या प्रकाशात तांबडा रंग विपुल होता. १९२८ च्या आरंभी हॉलिवूडमध्ये छायालेखकांनी टंगस्टन दिव्यांच्या विस्तृत चाचण्या घेतल्या व त्यांचा वापर झपाट्याने वाढला. या चाचण्यांचे महत्त्व असे की, दिवा विक्रेत्याच्या शब्दावर न स्वीकारता प्रत्यक्ष चित्रीकरण करून, पडद्यावर पाहून पारखला गेला.

३) महाराष्ट्रातील अनुभव

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा सूर्यप्रकाशाचा चित्रपट होय. दादर येथील चित्रीकरणात सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून ऊन वळवीत असत असे सांगितले जाते. पांढरी चादर हे आजही सर्वांत स्वस्त व सुवाह्य प्रकाशसाधन आहे, ही बाब लक्षणीय आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटातील रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिव्यांचा वापर केल्याचे चित्रपट-इतिहासात नोंदलेले आहे. त्याच परंपरेतून १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, १९३३ मध्ये ती पुण्यास आली आणि तिच्याच वास्तूत १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

शैक्षणिक चित्रीकरणाचा प्रवाह पुढे स्वतंत्रपणे वाढला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले. पुण्यात विद्यापीठाचे माध्यम केंद्र व शालेय कार्यक्रमांसाठी बालचित्रवाणी यांनी काम केले. तेव्हा प्राध्यापक स्टुडिओत जात असे, तेथील छतास टांगलेले दिवे तंत्रज्ञ लावीत. प्राध्यापकाने प्रकाशाचा विचार करण्याचे कारण नव्हते. २०२० नंतर ही विभागणी संपली. अध्यापक हाच वक्ता, छायालेखक आणि प्रकाशयोजनाकार झाला.

४) हातात मावणारा सलग प्रकाश

१९५९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने टंगस्टन-हॅलोजन दिव्याचे तंत्र जाहीर केले. साध्या टंगस्टन दिव्यात तारेचे बाष्प काचेवर जमून ती काळवंडते. हॅलोजन दिव्यात हे बाष्प हॅलोजनशी संयोग पावून पुन्हा तारेकडे परतते, त्यामुळे दिवा लहान ठेवूनही प्रखर व टिकाऊ करता आला. त्यातून वृत्तचित्रकारांचे हातातील दिवे आणि घरगुती चलच्चित्रांचे दिवे निर्माण झाले. रॉस लॉवेल यांनी पेटीत मावणाऱ्या दिव्यांचे संच तयार केले, त्यासाठी १९८० मध्ये त्यांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. रंगाच्या बाबतीत हॅलोजन निर्दोष होता. उणीव होती ती उष्णतेची. एका वॉटमागे तो सुमारे २५ लुमेन एवढाच प्रकाश देई, उरलेली बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खोलीत येई. एक हजार वॉटचा दिवा छोट्या खोलीत म्हणजे अक्षरशः शेगडीच.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ओसराम कंपनीचे एचएमआय दिवे आले. ते दिवसाच्या उजेडाशी जुळणारे व कार्यक्षम होते, परंतु महाग असून त्यांना जड बॅलास्ट लागे. १९८७ च्या 'बारफ्लाय' या चित्रपटाच्या वेळी अरुंद जागेत दिवा बसेना, म्हणून फ्रीडर हॉखहाइम व गॅरी स्विंक यांनी ट्यूब व बॅलास्ट वेगळे करून केवळ हलक्या ट्यूब भिंतीवर लावल्या. त्यातून किनो फ्लो हे दिवे जन्मास आले. मोठ्या पृष्ठभागाचा, थंड व मृदू प्रकाश लहान खोलीसाठी किती उपयुक्त ठरतो, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

५) एलईडी आणि रंगाचे मोजमाप

१९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साकारला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना, इसामू आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा स्फुरदीप्त थर देऊन १९९० च्या दशकातच पांढरा एलईडी तयार झाला. आज तो एका वॉटमागे १०० लुमेनहून अधिक प्रकाश देतो व बॅटरीवर चालतो. सुवाह्यतेचा प्रश्न जवळजवळ सुटला, पण पाऱ्याच्या दिव्याचा जुना प्रश्न परतला. स्वस्त पांढऱ्या एलईडीत गडद तांबडा भाग क्षीण असतो. आणि आजचा कॅमेरा, त्या काळच्या फिल्मप्रमाणे, तांबड्याविषयी आंधळा नाही. परिणामी सावळी व गव्हाळ त्वचा फिकट, मातकट दिसते. कुंकू, नकाशातील लाल रेषा, लिटमसचा बदललेला रंग यांचा ठसठशीतपणा हरवतो.

आंतरराष्ट्रीय प्रकाशन आयोगाने १९६५ मध्ये रंगप्रत्यय निर्देशांक, म्हणजेच सीआरआय, निश्चित केला व १९७४ मध्ये तो सुधारला. त्याची सर्वसाधारण किंमत आठ मध्यम छटांच्या सरासरीवर काढली जाते. गडद तांबडी छटा, म्हणजे आर-९, या सरासरीत नाही. त्यामुळे वेष्टनावर चांगला सीआरआय छापलेला दिवाही तांबड्याबाबत दुबळा असू शकतो. शिवाय हा निर्देशांक मानवी डोळ्यासाठी आहे. कॅमेऱ्यासाठी युरोपीय प्रसारण संघाने २०१२ मध्ये टीएलसीआय हे स्वतंत्र मापन स्वीकारले. प्रत्येक मापनामागे कोणास प्रमाण मानले, हा इतिहासाचा प्रश्न येथेही उपस्थित होतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना दिलेली प्रमाणचित्रे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचीच असत, याकडे लोर्ना रॉथ यांच्या अभ्यासाने लक्ष वेधले आहे.

६) निवडीचे इतिहाससिद्ध निकष

वरील विवेचनावरून पुढील निकष हाती येतात.

अ) रंग : सीआरआय व टीएलसीआय दोन्ही ९५ च्या आसपास असावेत आणि आर-९ ची किंमत स्वतंत्रपणे विचारावी. ती दिलेली नसल्यास संशय घेणे योग्य.

आ) आकार : सावलीचा मृदुपणा दिव्याच्या प्रखरतेवर नव्हे, तर वस्तूच्या तुलनेत त्याच्या आकारावर व अंतरावर अवलंबून असतो. तळहाताएवढा दिवा कितीही तेजस्वी असला तरी नाकाची सावली कठोरच पाडतो. त्यापुढे मृदुपेटी लावावी किंवा तो पांढऱ्या भिंतीवर वळवावा. वर्तुळाकार दिवा समोरून सपाट प्रकाश देतो व चष्म्यात त्याची कडी उमटतात. चष्मा वापरणाऱ्या अध्यापकाने दिवा बाजूस व थोडा वर ठेवणे श्रेयस्कर.

इ) अंतर : अंतर दुप्पट केल्यास प्रकाश एकचतुर्थांश होतो. दोन मीटरवरील दिवा एक मीटरवर आणल्यास चौपट प्रकाश फुकट मिळतो. छोट्या खोलीत जादा वॉटपेक्षा मजबूत स्टँड अधिक उपयोगी.

ई) लुकलुक व ध्वनी : भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास घरातील दिव्यांचे पट्टे टळतात. मात्र काही स्वस्त एलईडी मंद करताना वेगळ्या गतीने लुकलुकतात, तसेच काहींचा पंखा ध्वनिमुद्रणात येतो. आर्क दिव्यांच्या गुणगुणीचा धडा येथे लागू पडतो.

उ) ऊर्जा : सुमारे ४७ वॉट-तास क्षमतेची बॅटरी ३० वॉटचा दिवा सुमारे दीड तास चालविते, म्हणजे एक तासिका निर्धास्त पार पडते. भारनियमन असलेल्या गावी हा निकष शहरापेक्षा वरचढ ठरेल.

ऊ) चाचणी : खरेदीपूर्वी आपल्याच कॅमेऱ्याने, आपल्याच चेहऱ्यावर, हातात एखादी तांबडी वस्तू धरून दिवसाच्या उजेडात व त्या दिव्यात चित्रीकरण करून तुलना करावी. १९२८ च्या चाचण्यांचे हे घरगुती रूप होय.

निष्कर्ष :

१. सुवाह्यतेचा प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या त्यागावर उभा आहे : मॅग्नेशियमने सुरक्षितता, पाऱ्याने रंग, हॅलोजनने शीतलता आणि स्वस्त एलईडीने पुन्हा रंग गमावला.
२. प्रखरता हा आज दुर्मीळ गुण राहिलेला नाही. म्हणून वॉट किंवा बल्बसंख्या हा निवडीचा मुख्य निकष असू नये.
३. मर्यादित खर्चात अनेक सामान्य दिव्यांपेक्षा रंगाने सच्चा असा एकच दिवा, मृदुपेटी आणि पांढरी चादर हा संच अधिक समाधानकारक ठरतो.

समारोप :

नादारला पुतळे उभे करावे लागले, कारण त्याचा प्रकाश माणसासाठी पुरेसा नव्हता. आज प्रकाश पुरेसा आहे. तो माणसाचा वर्ण, त्याच्या चेहऱ्यावरील भाव व त्याच्या हातातील वस्तू जशाच्या तशा दाखवितो की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे. दूरवरच्या विद्यार्थ्यास अध्यापक केवळ या प्रकाशातच भेटतो. म्हणून महाविद्यालयांनी चित्रीकरणाचे साहित्य घेताना दिव्याची नोंद 'इतर साहित्य' या शीर्षाखाली न करता, त्याचा स्वतंत्र व डोळस विचार करणे आवश्यक आहे.